शैलजाबाईंचा ठसा

आमच्या गडहिंग्लजमधले शिक्षक हल्ली बाजारातसुद्धा वर्गात असल्यासारखे बोलतात. गणिताचे एक सर कोथिंबिरीची जुडी घेतानाही प्रत्येक वाक्याच्या शेवटी टाळी वाजवतात. विज्ञानाचे दुसरे एक सर आहेत, ते नियम सांगून झाला की घसा खाकरून स्वतःचं नाव घेतात, लग्नात उखाणा घ्यावा तसं. बाहेरगावच्या माणसाला वाटेल, यांच्या डोक्यावर परिणाम झालाय. तसं काही नाही. मुलांच्या डोक्यावर परिणाम करायची त्यांना सवय लागली आहे, एवढंच.

माझं नाव वसंत नाईकवाडी. एस.टी. स्टँडसमोर माझं झेरॉक्सचं दुकान होतं. झेरॉक्स बसली तेव्हा मी लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरून द्यायला लागलो. ते लोक स्वतःच मोबाइलवर भरायला लागले, तेव्हा मी 'अध्यापन-संचिका व ठसा केंद्र' काढलं. संचिका म्हणजे शिक्षकानं नोकरीच्या अर्जाबरोबर द्यायची फाईल. आम्ही फाईलच म्हणतो. तिच्यात शिकवण्याबद्दलचं मनोगत, निवडक पाठांची टाचणं, वर्गातलं चित्रीकरण, पालकांचे अभिप्राय आणि शेवटी पाच जुन्या विद्यार्थ्यांचे ठसे. पूर्वी फाईल जाड असली की भागायचं. मनोगत तर माझ्याकडे एकच तयार होतं, 'विद्यार्थी हा मातीचा गोळा' अशा सुरुवातीचं, ते नाव बदलून अख्ख्या तालुक्यानं वापरलं. ठसा आला आणि बाकीची फाईल शोभेला उरली. अर्ध्याहून जास्त गुण आता त्यालाच असतात.

ठसा म्हणजे काय ते सांगतो. आपण शिकलेली गोष्ट मेंदूत कपाटातल्या वहीसारखी पडून नसते. आठवताना मेंदू ती पुन्हा जुळवतो, आणि जुळवताना शिकण्याच्या वेळचं थोडं सामानही बरोबर उचलतो. तेव्हाचा वास, उजेड आणि मुख्य म्हणजे आवाज. 'पाण्याची घनता' म्हटलं की मेंदूतला ऐकण्याचा भाग जरासा हलतो आणि ज्यानं ते शिकवलं त्याचा आवाज आत पुसटसा उमटतो. या हालचालीचं चुंबकीय क्षेत्र इतकं क्षीण असतं, की एके काळी ते मोजायला खोलीभर यंत्र आणि बर्फाहून कितीतरी थंड द्रव लागायचा. आता क्वांटम संवेदक आले. ते साध्या खोलीत चालतात आणि कपाळाला बांधायच्या पट्ट्यात मावतात. आधी शिक्षकाच्या आवाजाचा नमुना विद्यार्थ्याला ऐकवायचा आणि मेंदूत त्याची नक्षी कशी उमटते ते टिपायचं. मग धड्यातली एखादी गोष्ट आठवायला सांगायची. तेव्हा तीच नक्षी पुन्हा उमटली, तर ठसा लागला. यात बनवाबनवी चालत नाही, कारण आपल्या आत कोण बोलतंय हे आपल्यालाच ठाऊक नसतं.

शैलजा मुतकेकर बाई माझ्याकडे आल्या त्या थंडी सरता सरता. बरोबर यजमान होते, उदयराव, दूध संघात नोकरीला असलेले. बाई आमच्या गावातल्या एका खासगी शाळेत गणित शिकवायच्या, तेही तासिकेवर. उमेदीची सगळी वर्षं तिथंच गेली. आता शाळेनं सांगून टाकलं होतं, की जूनपासून गणित पडद्यावर, मोठ्या शहरातल्या एका दणदणीत ठशाच्या सरांकडून. नदीपलीकडच्या अनुदानित शाळेत एक कायमची जागा निघाली होती आणि वयाच्या अटीमुळे बाईंचा हा शेवटचाच अर्ज होता. ही जागा मिळाली तर बाई शिक्षिका राहणार होत्या, नाही तर नाही.

"तुमची फाईल म्हणजे घरचं कार्य," मी म्हणालो. "माझी पुतणी तुमच्याच हाताखाली शिकली. घरात अजून नाव घेती तुमचं."

ते खरंच होतं. बाईंचं नाव काढलं की गावात कोणीही दोन चांगले शब्द बोलायचं. म्हणून मी निर्धास्त होतो. फाईलचं बाकीचं काम आम्ही पटापट उरकलं. बाईंनी माझं तयार मनोगत वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "नाईकवाडी, मला नाही वाटत विद्यार्थी मातीचा गोळा असतो. मी माझं लिहिते." लिहिलंही त्यांनीच, चार ओळींत. मला ते फार तोकडं वाटलं.

मग ठशाचा दिवस. पहिला आला सागर घुगरे, वीज मंडळात वायरमन आहे. खुर्चीत बसायच्या आधीच बाईंच्या पाया पडला.

"बाईंच्या जिवावर पास झालो बगा अण्णा मी. लावा तुमचा पट्टा."

पट्टा लावला, बाईंच्या आवाजाचा नमुना ऐकवला आणि त्याला म्हटलं, पायथागोरसचा सिद्धांत आठव. सागरनं डोळे मिटले, ओठ हलवले, सगळं बरोबर आठवलं. पडद्यावर बाईंच्या आवाजाची नक्षी मात्र सपाट. मी पट्टा सरकवला, वायर बघितली, पुन्हा घेतलं. तेच. यंत्रानं शोध घेतला तेव्हा आत आवाज निघाला खुद्द सागरचा.

दुसऱ्या मुलीच्या आतही तिचाच आवाज. तिसऱ्याच्या डोक्यात कुठल्या तरी मुलीचा आवाज निघाला, तो कोणाचा ते यंत्राला कळेना. चौथ्याच्या डोक्यातही तोच. पाचवी होती नसीम मकानदार. तिनं खुर्चीत बसून "अण्णा, जरा लवकर आवरा, ओव्हनमध्ये खारी हाय," असं म्हटलं आणि यंत्रानं तो आवाज लगेच ओळखला. त्या दोघांच्या डोक्यात नसीमच बोलत होती! आणि नसीमच्या डोक्यातही नसीमच.

"मग नसीमनंच अर्ज करावा," मी हसत म्हणालो. बाई पडद्याकडेच बघत होत्या.

पोरं गेल्यावर उदयराव म्हणाले, "अगं, मग तू वर्गात इतकी वर्षं करत काय होतीस?"

माणूस वाईट नाही. काळजीनं बोलला. पण बाईंना ते लागलं, ते त्यांच्या मानेवरून कळलं.

"मागच्या बाकावर बसायची," बाई म्हणाल्या.

"म्हणजे?"

"म्हणजे प्रश्न द्यायचा आणि मागं जाऊन बसायचं. ज्याला येत नाही त्याला फळ्यापाशी पाठवायचं. तो अडायचा, दुसरा उठायचा, भांडायचे. मी मधूनच म्हणायची, मला नाही कळलं, परत सांग. तास संपेपर्यंत त्यांचं त्यांना सापडायचं. नसीमनं वर्तुळाचं क्षेत्रफळ असंच काढलं. घरच्या बेकरीतून गोल केक आणला, फळ्यासमोर कापला. सगळ्या वर्गाला तिनंच शिकवलं ते. मी फक्त केक खाल्ला."

आता मला सगळं उलगडलं. टाळ्या वाजवणाऱ्या सरांचे ठसे शंभर नंबरी लागतात आणि या बाईंचा एकही लागत नाही, कारण यांनी मुलांच्या कानात काही ओतलंच नव्हतं. यंत्राची चूक नव्हती. यंत्राला जे विचारलं होतं त्याचंच उत्तर ते देत होतं. मला फार वाईट वाटलं. पण मी धंद्यातला माणूस, माझ्याकडे यावर इलाज होता.

इलाजाला आम्ही 'उजळणी' म्हणतो. शास्त्र असं आहे, की आठवण एकदा वर काढली की ती काही तास मऊ राहते आणि मग झोपेत पुन्हा घट्ट होते. थिजलेलं तूप पातळ केलं आणि परत थिजायला ठेवलं तर मधल्या वेळात त्यात जे पडेल ते त्याच्यासकट थिजतं. विद्यार्थ्याला धडा आठवायला लावायचा आणि आठवण मऊ आहे तोवर शिक्षकानं तोच धडा स्वतःच्या आवाजात, ठासून, दोन-चारदा सांगायचा. दुसऱ्या दिवशी मोजलं की ठसा शिक्षकाचा. नियमात बसतं. 'उमेदवाराने माजी विद्यार्थ्यांशी पूर्वसंवाद साधावा' असं नियमातच लिहिलंय. सगळे करतात.

"म्हणजे तिचा आवाज पुसून माझा घालायचा," बाई म्हणाल्या.

"पुसायचा कशाला? वर चढवायचा. आणि शिकवलंत तर तुम्हीच की! तुमचं श्रेय तुमच्या नावावर लागतंय, त्यात चोरी कसली?"

उदयरावांनी मान डोलावली. बाई दोन दिवसांनी सांगते म्हणाल्या. पण नसीमला कुणकुण लागली आणि ती आपण होऊन बाईंच्या घरी गेली. बाईंच्या नोकरीचं घोडं आपल्यापाशी अडलंय हे तिला सहन झालं नसावं. तिनंच बाईंना हाताला धरून दुकानात आणलं.

"बाई, करा की. माझं काय जातंय? गणित डोक्यात राहिलं म्हंजे झालं. कुणाच्या आवाजात का हाय ना!"

पहिली उजळणी नसीमचीच ठरली. ती जमली की बाकी चौघांची. दुपारची वेळ, दुकानात आम्ही तिघंच. नसीमनं वर्तुळ आठवलं, पट्ट्यानं आठवण वर आल्याची खूण दिली आणि बाई बोलायला लागल्या.

मी आजवर पुष्कळ उजळण्या ऐकल्या. बहुतेक शिक्षक ओरडतात. बाई शांत बोलल्या. वर्तुळाच्या बारीक पाकळ्या कापा. एक पाकळी सुलटी, एक उलटी, अशा शेजारी शेजारी लावत जा. बघता बघता आयत होतो. त्याची उंची म्हणजे त्रिज्या, त्याची लांबी म्हणजे परिघाचा अर्धा. म्हणून त्रिज्या दुप्पट केली की उंचीही दुप्पट, लांबीही दुप्पट आणि क्षेत्रफळ चौपट. मी दहावीला गणितात दोनदा गचकलेला माणूस, पण मला ते पहिल्यांदा दिसलं. बाईंना शिकवता येत नव्हतं असं नाही, त्यांना फार छान येत होतं. इतकी वर्षं त्या ते मुद्दाम गिळून मागं बसत होत्या, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

दुसऱ्या दिवशी मोजलं. पडद्यावर बाईंची नक्षी अशी काही उठली, की मी खुर्चीवरून उठलो. तालुक्यात इतका स्वच्छ ठसा मी पाहिला नव्हता. उदयरावांना फोन लावला, चहा मागवला. बाईसुद्धा हसल्या. मी प्रमाणपत्र काढायला बसलो.

चहा यायच्या आत नसीमचा फोन वाजला. गिऱ्हाईक होतं, आवाज मोठा होता, आम्हालाही ऐकू येत होतं. आठ इंची केक सोळा माणसांना पुरला होता, आता बारशाला त्याच्या दुप्पट माणसं आहेत, तर सोळा इंची कर. नसीमचं हे रोजचं काम. असल्या गिऱ्हाइकाला ती सरळ सुनावते, की सोळा इंची घेतलास तर चौपट होईल, निम्मा वाया घालवशील, साडेअकरा इंची पुरे. मीच तिच्या बेकरीत दोन-तीनदा ऐकलंय.

नसीमनं तोंड उघडलं आणि ती थांबली. फोन कानाला तसाच. तिनं मान वळवून बाईंकडे पाहिलं.

"चौपट हुतंय न्हवं, बाई? बरोबर हाय न्हवं माझं?"

मला त्यात काही वाटलं नाही. बाईंचा मात्र चेहरा उतरला.

"तू सांग," त्या म्हणाल्या.

"तुमीच सांगा की. काल किती झ्याक सांगितलासा." नसीम लाजल्यासारखी हसली. "म्हंजे मला येतंय. पण तुमी म्हटल्यावर पक्कं."

बाईंनी हळूच सांगितलं, हो, चौपट. मग नसीम फोनवर बोलली, आणि ठीकच बोलली. काम अडलं नाही. मी तेच बाईंना म्हणालो, की बिघडलं कुठं?

"नाईकवाडी, नववीत सगळ्या वर्गानं हिला वेड्यात काढलं होतं, की केक कापून कुठं गणित होतं का. ही हटली नाही. मला तर तिनं विचारलंच नाही बरोबर आहे का. तिला दिसत होतं. आणि आज ती माझ्या तोंडाकडे बघते. मी काय केलं हे?"

"बाई, तुमच्या नोकरीचा प्रश्न हाय," मी म्हणालो.

"माहीत आहे."

"बाकी चौघांचं नका करू हवं तर. हा एक ठसा तरी राहू दे. एकानं थोडे तरी गुण मिळतील."

बाईंनी माझं ऐकलं नाही. त्यांनी मला विचारलं, हे उलटवता येतं का. येतं. आठवण परत वर काढायची आणि ती मऊ असताना ज्याचा आवाज हवा त्यानं बोलायचं. पण नसीम बोलेल कोणासमोर? बाईंसमोर ती बाईंचंच वाक्य म्हणणार. शिकवायचं तर समोर खरोखर न कळलेलं कोणीतरी हवं. मी छापायला लावलेल्या प्रमाणपत्राकडे बघितलं. माझंही त्यात नाव जाणार होतं, इतका स्वच्छ ठसा काढणारं केंद्र म्हणून. मग मी छपाई थांबवली आणि म्हणालो, "नसीम, काल बाई जे बोलल्या त्यातलं मला काडीचंही कळलं नाही बघ. दुपटीचं चौपट कसं हुतंय गं? तू आमास्नी येड्यात काढतीस."

बाई उठून बाहेर कट्ट्यावर जाऊन बसल्या.

नसीमनं आधी बाईंच्याच शब्दांत सुरुवात केली. मी मख्ख. तिनं परत सांगितलं. मी म्हटलं, आयत कुठनं आला मधीच? आमचं झेरॉक्सचं डोकं. ती दाराकडे बघू लागली, पण बाईंची पाठ होती. तेव्हा नसीम चिडली. चहाबरोबर आलेल्या गोल बिस्किटांचा पुडा तिनं फोडला, लहान ताटली दुप्पट रुंदीच्या मोठ्या ताटलीत ठेवली आणि बिस्किटं मांडू लागली. "ह्ये बगा अण्णा, हितं चार मावत्यात. आता ह्या ताटलीत मोजा. मोजा की! बोटानं मोजा!" बाईंनी सांगितलेली पाकळ्यांची रीत तिनं सोडून दिली. हे तिचं नवंच होतं. मी आणखी दोन शंका काढल्या, त्यातली एक खरीच होती. ती ओरडून ओरडून घामाघूम झाली, आणि शेवटी मी "हां!" म्हटलं तेव्हा तिनं असा टेबलावर हात मारला, की ताटलीतली बिस्किटं उडाली.

तिसऱ्या दिवशी मोजलं. आतून नसीमचा आवाज, खणखणीत. बाईंची नक्षी सपाट. बाईंनी पडद्याकडे पाहून डोळे पुसले आणि म्हणाल्या, "हेच लावा फाईलला. पाचही, आहेत तसेच."

"ठशाचे गुण शून्य पडतील, बाई."

"पडू देत. खोटं तर नाही ना त्यात काही?"

मी फाईल पाठवली. मुलाखतीला बोलावणं आलं नाही. जागा टाळ्यावाल्या सरांना मिळाली, पेढे घेऊन आले होते. उदयराव महिनाभर घुम्यासारखे वागले, मग त्यांनीच ओळख काढून बाईंना एका पतसंस्थेत चिकटवलं. आता बाई तिथं काउंटरला बसतात. काम नेटकं करतात म्हणे. बाईंच्या जुन्या शाळेतल्या वर्गात मोठा पडदा लागलाय.

परवा मी बटर आणायला नसीमच्या बेकरीत गेलो होतो, तिथं बाई भेटल्या. नोकरी गेल्यापासून आमची गाठ नव्हती. नसीमनं त्यांना स्टुलावर बसवलं, गरम खारी पुढं ठेवली. त्या उजळणीचं तिला आठवत होतं, पण काहीतरी फाईलच्या भानगडीत अण्णांनी दोन-तीन दिवस बसवून घेतलं, इतकंच. बाईंची शाळा सुटली याचं तिला मनापासून वाईट वाटत होतं, आणि त्यांची समजूत काढायला ती म्हणाली,

"बाई, जिवाला लावून घेऊ नका. खरं सांगू? राग मानू नका. तुमी तसं आमाला फारसं शिकवलंच न्हाईसा. आमचं आमीच केलं सगळं."

नसीमला चांगलं फैलावर घ्यावं असं मला वाटलं, आणि मी बोलणारही होतो. पण बाईंनी माझ्याकडे नुसतं पाहिलं आणि मी गप्प बसलो.

"हो गं," बाई म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले होते आणि चेहरा इतका प्रसन्न होता, की तसा मी फाईलच्या सगळ्या धांदलीत कधी पाहिला नव्हता. "अगदी खरं आहे ते."

नसीम दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळली. बाईंनी खारीचा तुकडा मोडून चहात बुडवला आणि सावकाश खाल्ला.